रेइनोची पिपाणी

माझा भाऊ रेइनो कांगास आयुष्यात फार बोलला नाही, आणि जे बोलला त्यातलं निम्मं हरणांशी. मॅपलच्या फांदीचा वीतभर तुकडा पोखरून, आत रबराची पट्टी बसवून त्यानं एक पिपाणी केली होती. फुंकली की माजावर आलेला नर डुरकतो तसा घशातला बारीक आवाज यायचा. आमच्या गावात तेव्हा असली चीज कोणाकडे नव्हती, म्हणून लोक हसायचे. मग नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला बंदुकीच्या शिकारीचा सोळा दिवसांचा हंगाम उघडला की दुपारच्या आत रेइनोचा नर चौकातल्या दांडीला टांगलेला असायचा आणि हसणारे मान वर करून शिंगांची टोकं मोजत बसायचे.

त्यात गुपित असं काही नव्हतं. "एकदा बोलवायचं," तो सांगायचा, "मग अर्धा तास गप्प बसायचं. येताना दिसला तर मग बिलकुल नाही. जो येतोच आहे त्याला कोण हाका मारतं?"

वासाचंही तसंच. मी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असते. खिळे, काडतुसं, बर्फाची फावडी आणि हंगामात मादीच्या मुताच्या छोट्या बाटल्या विकते. आम्ही त्याला अत्तर म्हणतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर नाक जमिनीला लावून येड्यासारखा माद्यांमागं फिरत असतो, तेव्हा दोन थेंब पुरतात. वीस तारीख उलटली की माज ओसरतो. नर हडकलेला असतो, त्याला बायको नको असते, जेवण हवं असतं. मग अत्तर ओता नाहीतर रॉकेल ओता, सारखंच. हे मी दरवर्षी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि दरवर्षी वीस तारखेनंतरच माझ्या जास्त बाटल्या खपतात. घाबरलेल्या माणसाला बाटली लागते, त्याला मी तरी काय करू?

पण रेइनो कधी घाबरलेला नव्हता. त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यापर्यंत नव्हता.

तांब्याची खाण बंद पडून दीड वर्ष झालं होतं. रेइनो तिथं सोळा वर्षं खाली उतरला, त्याच्याआधी आमचे वडील. बेकारीचा भत्ता सप्टेंबरात संपला. एल्मा, म्हणजे त्याची बायको, तिचा भाऊ दूर दक्षिणेला टेक्ससमध्ये ह्यूस्टनला होता आणि तिकडं काम मिळत होतं. आधीचा हिवाळा त्यांच्या तीन पोरांनी हरणाच्या मांसावर काढला होता. एल्मानं हिशेब मांडून बोलून टाकलं, "या हंगामात मांस टांगलं गेलं तर हिवाळाभर राहू, वसंतात बघू. नाही टांगलं तर एक डिसेंबरला ट्रक भरायचा." एल्माला वाईट म्हणणारे गावात पुष्कळ निघाले. मी म्हणणार नाही. पोरांच्या ताटात काय वाढायचं ते तिला बघावं लागत होतं.

रेइनो "बरं" म्हणाला. त्या घराचा एकेक ओंडका त्यानं स्वतः तासलेला. मागची साउना, म्हणजे वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोली, तीही त्याच्या हातची. ह्यूस्टनला तो काय करणार होता, हे मला कळत नव्हतं आणि त्यालाही कळत नव्हतं.

त्या वर्षी हरणं कमी आणि माणसं जास्त. अख्खी खाणच जंगलात शिरली होती. पंधराला काही नाही, सोळाला काही नाही. वीस तारखेला तो दर अर्ध्या तासाला फुंकत होता. पंचवीसला दर पाच मिनिटांनी. माझा नवरा आर्वो तिकडून येऊन सांगायचा, "तुझा भाऊ आज सगळ्या जंगलाला भाषण देतोय." मी हसले नाही.

एकोणतीसला तो दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"लेम्पी, अत्तर दे. दोन बाटल्या."

"आज तारीख काय आहे, रेइनो?"

"माहीत आहे मला तारीख."

"मग तूच शिकवलेलं तुला सांगू का? आता त्याला भूक लागली आहे. मक्याचं शेत बघ, सफरचंदाची झाडं बघ."

"मक्याच्या शेतावर चौदा माणसं बसली आहेत." त्यानं काउंटरवर मूठ ठेवली. मारली नाही, नुसती ठेवली. "बीव्हरांनी ओढ्यावर घातलेल्या त्या जुन्या बांधापाशी ताजे ठसे आहेत. मोठा आहे. लेम्पी, उद्याचा एकच दिवस आहे. दे."

मी दिल्या. आणि मग मी जे केलं ते आजही गिळवत नाही. रात्रीच्या जेवणाला आर्वोला सांगितलं, बांधापाशी मोठा नर आहे म्हणून; रेइनो तिथं बसणार आहे हे मात्र गाळलं. आर्वोचीही नोकरी गेली होती, आमचाही फ्रीझर रिकामा होता. मला वाटलं, जंगल मोठं आहे. आमच्या लग्नात रेइनोनं आर्वोला एक पिपाणी करून दिली होती, तीही मीच कपाटातून काढून त्याच्या खिशात घातली. जगात त्या दोनच होत्या.

तीस तारखेला पहाटे रेइनोनं साउनात बसून, माणसाचा वास जावा म्हणून, साबण न लावता देवदाराच्या फांद्यांनी अंग घासलं. बांधापाशी फांद्यांच्या आडोशाला बसला. दुपार झाली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्या भडक नारिंगी जाकिटाला एल्माच्या परतलेल्या कांद्याचा वास येतोय. ते जाकीट प्रत्येक शिकाऱ्यानं घालायचंच असतं, म्हणजे दुसऱ्याला कळतं की हे माणूस आहे. आमच्याकडं पोरं चालायला लागली की हे शिकतात. रेइनोनं ते काढलं, लांब एका झाडाला टांगलं आणि नुसत्या तपकिरी लोकरी सदऱ्यात परत येऊन बसला. दोन्ही बाटल्या भोवती ओतल्या. मग पिपाणी तोंडाला लावली.

आणि उत्तर आलं.

दरीच्या पलीकडून, बारीक, घशातलं. रेइनोला वाटलं आपलं काळीज फुटणार. त्यानं परत फुंकलं. परत उत्तर. पलीकडं आर्वोला तसंच वाटत होतं. असे आमच्या घरातले दोन कर्ते पुरुष पाऊण तास एकमेकांना हरीण समजून बोलावत राहिले. उजेड उतरत होता, हंगामाची शेवटची वीस मिनिटं उरली होती. नर येत नाही म्हटल्यावर रेइनो स्वतःच निघाला, हातापायांवर रांगत, बंदूक कोपरात आणि पिपाणी दातात धरून.

आर्वोला झुडपात तपकिरी पाठ हलताना दिसली. त्यानं बंदूक खांद्याला लावली. पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं.

"तो तीस पावलांवर होता, लेम्पी. बोट घोड्यावर होतं. आणि तो परत डुरकला. एकदा, दोनदा, पाचदा. मी म्हटलं, हा इतका का बोलतोय? मी तर इथंच आहे. कुठलं हरीण इतकं गयावया करतं?"

तेवढ्यात बार उडाला. पण त्याच क्षणी आर्वोनं नळी झटक्यानं वर केली होती. गोळी रेइनोच्या डोक्यावर वीतभर अंतरावर बर्चच्या खोडात घुसली. झुडपातून माझा भाऊ उभा राहिला, केसांत सालीचे तुकडे, पिपाणी अजून दातात. आर्वो बर्फात खाली बसला तो उठेचना. त्याला रेइनोनंच धरून आणलं.

बुधवार म्हणजे आमचा साउनाचा वार, ती तापलेलीही होती, पण कोणी आत गेलं नाही. दोघं माझ्या स्वयंपाकघरात उभे. रेइनोला मुताचा असा उग्र वास येत होता की मी एरवी त्याला दारातच हाणलं असतं.

"त्याला तू सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. "मार मला. बोल काहीतरी."

"पाऊण तास बोललो की." त्यानं बंदूक माझ्या टेबलावर ठेवली, बाजूला पिपाणी ठेवली. "दोन्ही तुझ्याकडं राहू देत. ह्यूस्टनला काय मारू, डास?"

आर्वो तोंडावर हात घेऊन रडत होता. रेइनोनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घरी गेला. जाकीट अजून त्या झाडालाच होतं. नंतर आर्वोनं जाऊन आणलं.

एक डिसेंबरला सकाळी मी सामान भरायला गेले. एल्मानं आदल्या दिवशीच तळघर रिकामं करायला घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत वाट बघायची तिच्यात ताकद उरली नव्हती, असं ती म्हणाली. बटाटे मला दिले, आणि नासायला लागलेली दोन पोती सफरचंदं अंगणात मागच्या बाजूला उपडी केली होती. मी आणि रेइनो कपाट उचलून मागच्या दारात आलो आणि तिथंच थांबलो.

नर सफरचंदांवर उभा होता. दहा टोकांची शिंगं. फासळ्या दिसत होत्या. आमच्याकडं एकदा बघून त्यानं परत तोंड खाली घातलं.

एल्मा मागून येऊन पुटपुटली, "रेइनो. बंदूक कुठं आहे?"

"लेम्पीकडं."

हंगाम काल संपला होता. मला त्याची पर्वा नव्हती. एल्माच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं की तो पडला तर ट्रकमधलं सगळं सामान ती एकटी उतरवून घेईल. मी म्हटलं, "चार घरं तर टाकायची आहेत, पळत जाऊन आणते. कोण बघतंय?"

रेइनोनं माझं मनगट धरलं. कपाट दारात तिरकं अडकलेलं, एल्मा हुंदका दाबत उभी, आणि माझा भाऊ त्या हरणाकडं बघत होता. त्या हंगामात पहिल्यांदाच त्यानं त्याला हाक मारली नव्हती.

"राहू दे," तो म्हणाला. "जेवतोय तो."

दुपारी ते गेले.