चार गड्यांना भारी

धान्याच्या गोदामात तिला सगळे ढांग म्हणायचे. फळीवरून ट्रकमध्ये चढताना तिचं एक पाऊल म्हणजे इतरांची दोन. नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही. तिला ते आवडायचं.

तिची आई त्याच गोदामात दाभण-सुतळी घेऊन फाटकी पोती शिवायची. पोरगी थप्प्यांवर खेळत वाढली आणि वय झाल्यावर टोळीत आली. मुकादमानं सुरुवातीला तिला नुसती रिकामी पोती वाहायला लावली. चाल बसल्याशिवाय ओझं द्यायचं नाही, हा त्याचा नियम. ओझं पायांनी उचलायचं, पाठीनं फक्त धरायचं. आणि तोंड वाकडं करायचं नाही. तोंडावर दिसलेला जोर वाया गेलेला जोर. पाठीवर पोतं असताना ज्याचा चेहरा झोपल्यासारखा, तो खरा हमाल. काही जणांना हे जन्मभर जमत नाही. ढांगेला महिन्यात जमलं.

पळायची ती सकाळी, कामावर यायच्या आधी. मैदानावर एका शाळेचे खेळाचे मास्तर यायचे. त्यांनी तिला आठशे मीटरला घातलं. "वाईट शर्यत आहे," ती सांगायची. "जोरात सुटलं तर दम पुरत नाही, दम राखला तर पुढची हाताला लागत नाही." तरी देशातल्या मोठ्या स्पर्धेत ती पहिली आली. दुसरी पुष्कळ मागे होती. तेच नडलं.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं तिचे खांदे, जबडा आणि आवाज यांवर लिहिलं. वेळेबद्दल एक ओळ होती. दुसऱ्या आलेल्या मुलीच्या प्रशिक्षकानं तक्रार केली, ही बाई नाहीच. खेळाच्या संघटनेनं कळवलं, तपासणी होईल, तोवर परदेशातल्या स्पर्धेला पाठवायचा निर्णय थांबला आहे. ढांगेला त्या स्पर्धेला जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मग एक बातमीदार गोदामात आला. सभ्य माणूस. म्हणाला, तिची बाजू मांडायची आहे, काम करतानाचा फोटो हवा.

आई म्हणाली, "माझ्याशेजारी बसवा तिला. हातात दाभण देते."

मुकादम म्हणाला, "बसून? लोक म्हणतील, पोरगी बसून खाते."

"म्हणू देत की. बाई दिसेल."

"अहो वहिनी, बाई आहेच ती. ते दाखवायचं कशाला? काम दाखवू."

टोळीला हे पटलं. एरवी एका फेरीला एक पोतं. त्या दिवशी तिच्या पाठीवर दोन चढवली. म्हातारबा नावाच्या जुन्या हमालानं स्वतः पोती नीट बसवली, फोटोत तिरकी दिसू नयेत म्हणून. ढांग फळीवर उभी राहिली. चेहरा झोपल्यासारखा. शिकवलं तसा.

बातमीदारानं विचारलं, "बाई म्हणून तिला काही सूट असते का?"

"सूट?" मुकादमाला राग आला. "चार गड्यांना भारी आहे ती."

सगळे खूश होते. बातमीदाराला चहा पाजला.

सकाळी फोटो पहिल्या पानावर होता. वर मोठ्या अक्षरांत मुकादमाचं वाक्य आणि पुढे प्रश्नचिन्ह. खाली लिहिलं होतं की शंभर किलोखाली तिच्या चेहऱ्यावर कष्टाचा मागमूस नाही, आणि सहकारीच तिची तुलना पुरुषांशी करतात. मुकादमानं ते दोनदा वाचून घेतलं. "मी चांगलं बोललो होतो," तो म्हणाला. त्याला कोणी दोष दिला नाही. सगळ्यांनीच पोती उचलून दिली होती.

आठवडाभर ट्रकवाल्यांना विषय मिळाला. एकानं हाक मारली, "काय भाऊ, दाढी कधी येणार?"

ढांग म्हणाली, "तुझी आली की. तोवर मागचा फाळका उघड, माल उतरायचाय."

त्याच्या ओठांवर अजून धड मिसरूडही नव्हतं. टोळी हसली. ती हसली नाही.

तपासणी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात झाली. रक्त घेतलं. मग एका खोलीत कपडे काढून उभं केलं. मोजपट्ट्या लावल्या, आपापसांत बोलले, तिच्याशी कोणी बोललं नाही. खोलीत गारठा होता आणि अंगावर घ्यायला काही दिलं नाही, एवढंच तिनं घरी सांगितलं.

आई म्हणाली, "तू जन्मलीस तेव्हा सुईणीनं एका नजरेत सांगितलं होतं. यांना पाच डॉक्टर लागले, तरी ठरेना."

निकाल आला. ती बाई आहे, शरीर निरोगी आहे, पण रक्तातलं पुरुषी संप्रेरक नियमापेक्षा जास्त आहे. गोळ्या घेऊन ते खाली आणलं तर पळता येईल.

तिनं गोळ्या घेतल्या. पळायचंच होतं. पाय जड व्हायचे, दुपारी घाम फुटायचा. उन्हाळा सरायच्या आत पोतं फळीच्या मध्यावर थांबायला लागलं. मुकादम तिला हलकी पोती निवडून द्यायला लागला. तिच्या ते लक्षात आलं. मैदानावर मास्तर घड्याळ बघायचे आणि खिशात घालायचे.

एके दिवशी तिनं गोळ्या बंद केल्या. स्पर्धा दोन महिन्यांवर होती. मास्तर गोदामात आले. ट्रक अर्धा भरला होता. अर्धा ट्रक सोडून थांबायची रीत नाही, म्हणून ती वाहत राहिली आणि मास्तर तिच्या बाजूनं थप्पीपासून फळीपर्यंत चालत राहिले.

"दोनच महिने, पोरी. मग सोड."

"सर, बाजूला व्हा. मागून पोतं येतंय."

ते बाजूला झाले, पुन्हा आले. "एवढी वर्षं घासलीस. आता किनाऱ्याला येऊन बुडायचं?"

ती पोतं टाकून परत येताना बोलली. "मला आजार कोणता आहे, सर?"

"आजार नाही गं. नियम आहे."

"म्हणजे आधी मला हळू करायचं, आणि मग म्हणायचं, पळ."

"तिथं पोचशील तरी."

"कोण पोचेल? काल जी पळत होती तिला मी ओळखत नाही. ती पोतं मध्येच ठेवते."

मास्तर पुढच्या दोन फेऱ्या तिच्या बाजूनं चालले. त्यांना दम लागला होता, नुसतं चालून. आईनं त्यांना पाणी दिलं आणि शेजारी बसायला रिकामी पोती घातली. ते बसले. म्हातारबा जाताना म्हणाला, "मास्तर, पोरगी ऐकणार नाही. तुम्हीच शिकवलंय ना तिला, मागं वळून बघायचं नाही म्हणून."

ट्रक भरला. फाळका लागला. ढांग मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. केसांत, भुवयांत धान्याची धूळ.

"संघटनेला काय कळवू?" त्यांनी विचारलं. "आजारी आहे म्हणू का? म्हणजे पुढच्या वर्षी दार उघडं राहील."

"नाही. आजारी नाही म्हणून कळवा. जशी आहे तशी पळायला तयार आहे, म्हणून कळवा."

"ते घेणार नाहीत."

"मग तेही त्यांनाच लिहू दे."

मास्तर उठले. पँटीला मागे भुसा लागला होता, तो आईनं झटकला. मास्तरांनी तसंच कळवलं. संघटनेनं घेतलं नाही. परदेशी ती दुसरी आलेली मुलगी गेली. ती निघाली त्या दिवशी ढांगेनं दुसरा ट्रकही भरला, आणि मुकादमानं हलकी पोती निवडणं सोडून दिलं.