घरगुती मामला आणि हमीदाआपा

हमीदाआपांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना. नव्वदच्या दशकाची अखेर होती. दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या एका फ्लॅटमध्ये आमच्या मराठी मंडळाची बैठक चालली होती. विषय होता स्नेहसंमेलनातली नाटिका. दापोलीच्या, बी.ए. झालेल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे कतारला आलेल्या या बाई मधेच उठल्या आणि म्हणाल्या, "नाटिका मागाहून बघू. आधी जुबेदाचं बोला."

जुबेदा म्हसळ्याची. अल थुमामातल्या एका घरी कामाला होती. गावी आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिला आईकडे जायचं होतं. पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात, देश सोडायला मालकाचीच परवानगी हवी, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. कचरा टाकायला फाटकापर्यंत आली असताना शेजारच्या कोकणी ड्रायव्हरला तिने एवढंच कसंबसं सांगितलं होतं.

अध्यक्ष गुळमुळीत हसले. "आपा, हा त्यांचा घरगुती मामला आहे. आपल्याला इथे राहायचंय. उद्या तुमच्या साहेबांची नोकरी गेली तर?"

"साहेबांना विचारूनच आलेय. गाडी तेच चालवणार आहेत," आपा म्हणाल्या. "आणि मामला घरगुती ना? मग घरची माणसं जातील. कोण कोण येताय?"

मी हात वर केला. वसईची फिलोमिना, इस्पितळात नर्स होती, ती म्हणाली, "ड्युटी सुटली की मीपण."

तिथे मोर्चा काढता येत नव्हता, पण विचारपुशीला कोण अडवणार? कोकणात कुणी अडचणीत असलं की बायका डबा घेऊन दारात जातात. आपांनी त्या रिवाजाचीच मोहीम केली. शुक्रवारी दुपारी सांदणांचा डबा घेऊन आम्ही तिघी त्या फाटकाशी उभ्या राहिलो.

मालकीणबाईंनी दार उघडून अरबीत विचारलं, तुम्ही कोण?

"अहल," आपा म्हणाल्या. म्हणजे घरची माणसं.

बाईंनी माझी साडी पाहिली, फिलोमिनाचा फ्रॉक पाहिला, आपांचा बुरखा पाहिला. "सगळ्या?"

"सगळ्या."

आपांनी आईच्या आजारपणाचं सांगितलं. "बुकरा, इन्शाल्ला," असं म्हणत बाई दार लोटू लागल्या. बुकरा म्हणजे उद्या. आणि आखातात राहिलेल्यांना ठाऊक आहे, असा उद्या कधीच उजाडत नाही. आपांनी दारावर तळवा ठेवला. "इन्शाल्ला! अल्लाचं नाव घेतलंत, आता बुकरा आम्ही येणार."

परतताना मी विचारलं, "आणि पोलीस बोलावले तर?"

"तर बरंच की गो. त्यांनाही जुबेदाचं सांगू."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. दोह्यातल्या नजमा वस्तीतल्या आपल्या बायका आल्या, त्यांच्या जावा-नणंदा आल्या. शेजारच्या अरब बायका फाटकातून डोकावून विचारू लागल्या, काय झालं? आपांना हेच हवं होतं. त्या म्हणत, "बंद दारामागे काहीही खपतं. गल्लीला कळलं की खपत नाही." शेवटी मालकीणबाईंनी स्वतः जुबेदाला पासपोर्ट आणि देश सोडायच्या परवानगीचा कागद हातात देऊन बाहेर आणलं. आईला आपल्या हाताने पेज भरवली, हे तिने म्हसळ्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा आपांनी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुढची कित्येक वर्षं आपा नजमातल्या खोल्याखोल्यांत बोलत राहिल्या. "पासपोर्टाची झेरॉक्स आपल्या माणसाकडे ठेवा. फोन नंबर पाठ करा. एकटं राहू नका." मंडळाने त्यांना निमंत्रण देणं बंद केलं. "बरं झालं, शुक्रवार मोकळा झाला," म्हणाल्या. माझ्या ऑपरेशननंतर त्या रोज दुपारी येऊन मला दामटून जेवू घालत आणि खोटी सहानुभूती दाखवत नसत. "उठा बाई, तुमचा आवाज हवाय मला."

हक्क कागदावर असतात हे मी कॉलेजात शिकले होते. कागदावरचा हक्क माणसापर्यंत पोचवायला आणखी दहा माणसं लागतात, हे आपांनी दाखवलं. त्याला आजही कुणी घरगुती मामला म्हणत असेल, तर म्हणो. आम्ही घरच्याच आहोत.

आपा आता पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, त्या शंभरी ओलांडोत. त्यांना विश्रांती मिळो, असं मात्र मी म्हणणार नाही. गेल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला होता, "एका मुलीचं कळलंय. येताय ना?"

येतेय, आपा.