हात काही जमेना

आमच्या वस्तीत, कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवणारे एक काका आहेत. दुपारी मशीन थांबली की पॅटर्न कापून उरलेल्या पुठ्ठ्यावर ते पेन्सिलीने माणसं काढतात. चेहरे हुबेहूब येतात, पण हात काही केल्या जमत नाहीत. म्हणून त्यांची सगळी माणसं खिशात हात घालून उभी असतात. खिशांची शिलाई मात्र बघत राहावी अशी.

"काका, ही पळवाट आता बास," म्हणत मी मुद्दाम साडी नेसून, हात जोडून समोर बसले. बिचाऱ्यांना घाम फुटला. खोडून खोडून पुठ्ठ्याला भोक पडलं. शेवटी त्यांनी चित्र पुढे केलं. साडीला दोन खिसे होते, पितळी बटणांसकट.

"हात एकदम फस्टक्लास आलेत, ताई," ते म्हणाले. "फक्त आत आहेत."