गोव्याची ओल

पेरणी झाली, तण काढायची डवरणी आटोपली, की आमच्या आसेगावात पावसाची वाट बघण्याखेरीज काम नसतं. तेच करायचं तर समुद्राकाठी करू, म्हणून गेल्या वर्षी मी नवऱ्याला हट्टानं गोव्याला नेलं. तिथं पाऊस थांबायचं नाव घेईना. किनाऱ्यावर लाल झेंडे लावलेले, पाण्यात उतरायला बंदी. आम्ही छत्र्या धरून खुर्च्यांवर बसलो, लग्नाला फार लवकर पोचलेल्या पाहुण्यांसारखे.

तेवढ्यात घरून जाऊबाईंचा फोन आला, "इथं थेंब नाई, सोयाबीन माना टाकून राह्यलं."

हे उठले, वाळूत उकिडवे बसले आणि हातानं उकरू लागले. शेतात पाऊस पडला की ओल किती खोल गेली, ते असंच बघतात. समोर अख्खा समुद्र होता, पण सवय ती सवय! अंगठी हरवली असं समजून किनाऱ्यावरचा जीवरक्षक धावत आला आणि तोही उकरू लागला. शेवटी दमून त्यानं विचारलं, "अंकल, हरवलंय तरी काय?"

"हारपलं होतं, आता सापडलं," हे म्हणाले. "आमच्या वावरातला पाऊस इथी पडून राह्यला."