काळ्या-पांढऱ्यात कोण उठून दिसतं!

घरात फोटोग्राफर असला की किस्से कापसासारखे साचतात. एक खोली भरली की दुसरी उघडावी लागते. आमच्याकडे तर नातच फोटोग्राफर! चोपड्यात मेघाचा छोटा स्टुडिओ आहे. तिचा बाप, म्हणजे माझा लेक सुभाष, त्या स्टुडिओवर पहिल्यापासून खार खाऊन. शेवटी त्यानं सांगून टाकलं, "धुळ्याच्या प्रदर्शनात एक तरी फोटो लागला तर ठीक. नाहीतर कुलूप! बठ्ठं बंद!"

प्रदर्शन ब्लॅक अँड व्हाइटचं. मेघा कॅमेरा घेऊन आमच्या मागे लागली.

*

पहिला मान माझा. नवी लालभडक साडी नेसून केळीच्या बागेत उभी राहिले. हिरव्यात लाल, किती उठून दिसेल! फोटो पाहते तर साडी राखाडी, पानंही राखाडी. नुसतं माझं तोंड केळीत लटकलेलं!

"मन्ही साडी कथी गयी व?"

"आजी, रंग काढले की हे लाल-हिरवं सारखंच दिसतं."

"मग आधी सांगायचं ना! उगाच घडी मोडली!"

*

शेजारच्या सकूअक्काला म्हशीबरोबर फोटो हवा होता. गोठ्यात अंधार, म्हैस काळी. फोटोत अक्का एकटीच हवेवरून हात फिरवतेय!

"दूध आटलं म्हणून फोटोतूनही काढली का गं तिला?"

मग मेघानं म्हैस उन्हात, चुना लावलेल्या भिंतीपुढे उभी केली. काय रुबाब आला! अक्कानं तो फोटो मोबाईलवर गावभर फिरवला. संध्याकाळी दारात गिऱ्हाइकं!

अक्का म्हणते कशी, "विकायची नाही. नुसती बघून जा!"

*

त्याच भिंतीपुढे मी बसले, तर माझे पांढरे केस भिंतीत गेले. चक्क टक्कल! मेघानं मागे काळी घोंगडी टांगली. केस चांदीसारखे लखलखले.

सुभाष म्हणाला, "आई, आता स्थळं येतील तुला!"

"येऊ दे की. मांडव तू घालशील ना?"

*

पण धुळ्याला निवडला गेला तो वेगळाच फोटो. सुभाष मुळात काळा, उन्हानं आणखी रापलेला. कापूस भरून दमला आणि त्याच ढिगावर झोपला. मेघानं गुपचूप टिपला. पांढऱ्याशुभ्र कापसात तो एक चेहरा, कपाळावरची आठी न आठी दिसत होती. आपलाच फोटो लागणार हे कळल्यावर सुभाष तणतणत शेतात निघून गेला.

धुळ्याला निघताना मात्र इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडाला पावडर. थापून!

हॉलमध्ये गर्दी त्याच्याच फोटोपुढे. एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "काय चेहरा आहे! कोण हो हे?"

"माझे पप्पा," मेघानं शेजारी बोट दाखवलं.

बाईंनी फोटो पाहिला, सुभाषला पाहिलं. "हे? छे! नाही वाटत."

सुभाषनं खिशातून रुमाल काढला, कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड खसाखसा पुसलं आणि फोटोला खेटून उभा राहिला.

"आता बघा, ताई."