तिसरा सर्व्हर का पडत होता

सांगलीतल्या एका हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर विभागात काम करते. मूळची मलकापूरची. शिक्षण कराडला झालं आणि पहिलीच नोकरी इथं लागली. कॉलेजात जे शिकले त्यातलं फारसं काही उपयोगी पडलं नाही. काम शिकवलं ते आमच्या सरांनी.

सर आधी सैन्यात होते, संदेशवहनाच्या सिग्नल विभागात. तिथून निवृत्त होऊन हॉस्पिटलात आले आणि इथलं कॉम्प्युटरचं सगळं जाळं त्यांनी स्वतः उभं केलं. आठवडाभर कुपवाडला एका खोलीत राहायचे आणि शनिवारी रेल्वेनं लोणंदला जायचे. तिथून पुढं त्यांचं गाव; त्यांची बायको, म्हणजे काकू, तिथं. मला ते पोरी म्हणायचे. पहिल्या वर्षी माझ्या हातून एकदा सगळ्या वॉर्डांचं कनेक्शन तुटलं, तेव्हा मी रडायला लागले होते. सर म्हणाले, "रडून लाइन येत न्हाई. आधी काय बदललं ते सांग." चिडले नाहीत. शेजारी खुर्ची ओढून बसले.

आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत. एक्स-रे, सीटी स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, सगळं त्यांच्यावर. तिघं मिळून काम करतात आणि सतत एकमेकांची विचारपूस करत असतात. एकाचा आवाज आला नाही की उरलेले दोघं त्याला बाजूला काढून त्याचं काम वाटून घेतात. हे वाटप सुरू असलं की सगळं रेंगाळतं आणि स्कॅनच्या फोटोंची रांग लागते. सर्व्हर एकमेकांना जोडणारी पेटी, म्हणजे स्विच, नवीन आला तेव्हा सरांनी आणि मी या तिघांच्या आपसातल्या बोलण्यासाठी एक वेगळी लाइन काढून दिली होती. जुनी लाइन बंद केली. पुढं बरेच महिने काही तक्रार नव्हती.

मग तिसरा सर्व्हर पडायला लागला.

पडला म्हणजे बंद पडला नाही. दिवे लागलेले, पंखा फिरतोय, पण उरलेल्या दोघांना तो दिसत नाही. मी केबल बदलली. स्विचवरचं पोर्ट बदललं. नेटवर्क कार्ड नवीन आणवलं. प्रत्येक वेळी तो परत जोडला जायचा आणि चार-सहा दिवसांनी पुन्हा तेच. मग मी त्याचं सेटिंग उघडून पाहिलं, तर तो जुन्या लाइनवर गेलेला. जिथं आता कुणीच नाही, तिथं हा एकटा बोलत बसलेला.

म्हणजे बिघाड नव्हता. कुणीतरी सेटिंग बदलत होतं.

पुण्याच्या ज्या कंपनीनं सर्व्हर बसवले होते तिच्यावर आमचा संशय गेला, कारण त्यांच्या लोकांना लांबून आत येता येत होतं. सर म्हणाले, "लय झालं. लिव त्यास्नी कडक." त्यांनी सांगितलं आणि मी मेल लिहिला. कंपनीनं हात वर केले. मग आम्ही त्यांची वाट बंद करून टाकली, तरी तिसरा पडलाच. तेव्हा सरच म्हणाले, "पोरी, आता नोंद चालू कर. कोण येतंय, काय करतंय, सगळं दिसू दे."

मी नोंद चालू केली. पुढच्या वेळी सर्व्हर पडल्यावर उघडून पाहिली, तर लॉगिन सरांचं होतं.

मला आलेली पहिली शंका अशी की, सरांचा पासवर्ड कुणीतरी चोरलाय. मी त्यांना पासवर्ड बदलायला लावला. त्यांनी बदलला, मला न दाखवता, नीट पाठ करून.

त्यानंतर एका दुपारी मी जेवून परत आले. सर त्यांच्या टेबलावर होते, डबा नुकताच धुऊन उपडा घातलेला. ते शांतपणे टाइप करत होते. मी पाणी प्यायला त्यांच्या मागून गेले आणि थांबले. पडद्यावर तिसऱ्या सर्व्हरचं सेटिंग उघडं होतं.

"सर, काय करताय?"

"आगं, ह्यो तिसरा चुकीच्या लाइनवर टाकलाय कुनीतरी. सरळ करतोय."

त्यांनी जुन्या लाइनचा नंबर घातला, एकदा तपासला आणि खिडकी बंद केली. हात जराही अडखळला नाही. थोड्या वेळानं सीटी विभागाचा फोन आला. सरांनीच उचलला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तिसरा परत पडला म्हनं. बग गं जरा."

ते थट्टा करत नव्हते. त्यांचा चेहरा मी चांगला ओळखत होते. अर्ध्या तासापूर्वी आपण काय केलं ते त्यांना माहीतच नव्हतं, आणि नवी लाइन आपणच काढली होती हेही.

मी सेटिंग नीट केलं आणि म्हणाले, "झालं, सर." कुणी बदललं ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी रोज दुपारी त्यांच्यामागून सर्व्हर तपासायला लागले. त्यांनी बदललं की मी परत बदलायचे. दोन-तीनदा तर फोन यायच्या आत काम झालं. मला वाटायचं, चाललंय तर चालू दे. सरांच्या इथल्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते.

एकदा मला दुपारी बैठकीला बसावं लागलं. नेमका त्याच वेळी तिसरा पडला आणि नेमका त्याच वेळी मोटरसायकलवरून पडलेला एक माणूस आणला होता. डोक्याचा स्कॅन झाला, पण फोटो डॉक्टरांच्या खोलीत पोचेनात. शेवटी डॉक्टर धावत खाली जाऊन मशिनच्या पडद्यावर बघून आले. माणूस वाचला. उशिरामुळं त्याचं काही बिघडलं नाही, असं डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं. पण मी बैठकीतून पळत आले तेव्हा त्याची बायको स्कॅनच्या दारात उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "आवं, काय निघालं?" तिनं मलाही विचारलं. मी मान खाली घालून सर्व्हरच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. आधी नोंद दाखवली. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, पुन्हा वर जाऊन वाचलं.

"मी न्हाई केलं ह्ये."

"सर, एकदा मी बघितलंय. मी मागं उभी होते."

"मला बोललीस का मग?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सरळ करतोय."

खाली कँटीनमध्ये कुणीतरी भांडी आदळत होतं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाकडं ओढली आणि म्हणाले, "सर्व्हरवरनं माझं नाव काढून टाक. आत्ता, माझ्यादेखत."

मी म्हणाले, हॉस्पिटलच्या साहेबांशी बोलून करू, घाई नाही. "लोकांचा जीव हाय त्याच्यावर," ते म्हणाले. "काड."

मी सर्व्हर उघडला. माझी बोटं चुकत होती. तर सरच सांगायला लागले, आधी हे कर, मग ते, त्याच्या आधी एक प्रत ठेव, तिन्ही ठिकाणी बघ, नाहीतर एका ठिकाणी राहील. एक पायरी चुकली नाही त्यांची. मी एका ठिकाणचं विसरले होते, तेही त्यांनीच दाखवलं. मी त्यांचं नाव काढत होते आणि माझ्या मनात येत होतं, या माणसाला काहीसुद्धा झालेलं नाही. आपली काहीतरी मोठी चूक होतेय.

चूक नव्हती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, असं सांगितलं. सरांनी राजीनामा दिला. साहेबांनी त्यांची जागा मला दिली. निरोपाला त्यांना शाल घातली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याबद्दल बोलताना सर म्हणाले, "ही हाय तवर काळजी न्हाई." मी त्यांच्याकडं बघू शकले नाही.

तिसरा सर्व्हर त्यानंतर पडला नाही. ही गोष्ट मी कुणाला अभिमानानं सांगू शकत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी जाऊन आले. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मला बघून हसले, पण नाव काही घेतलं नाही.

"कुठं असता?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहोजाहो केलं.

"सांगलीला. हॉस्पिटलात. नेटवर्कचं काम बघते."

"आसं का? मीबी त्येच करायचो." मग जरा पुढं वाकून म्हणाले, "तिथला सायब बरा हाय का? शिकवतो का नीट?"

"लय बरा आहे," मी म्हणाले.

काकूंनी आत बोलावून चहा दिला. त्यांना आधीच शंका आली होती, असं त्यांनी सांगितलं. एका शनिवारी सर लोणंदला उतरलेच नाहीत, पुढच्या स्टेशनावरून कुणीतरी फोन करून कळवलं होतं. "पन मी बोलले न्हाई," काकू म्हणाल्या. "म्हटलं, कामावर हायेत तवर ठीक हायेत. घरी बसल्यापासनं लय झपाट्यानं गेलं बग सगळं."

त्या ते मला लावून बोलल्या नव्हत्या. त्यांना ठाऊकही नव्हतं की सरांना नोंद कुणी दाखवली, त्यांचं नाव कुणी काढलं. सरांनी घरी एवढंच सांगितलं होतं की आता दमतो, म्हणून सोडलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून सरांनी हाक मारली, पाहुण्यांना चहा दिला का म्हणून. काकू उठून गेल्या. मी कपबशी विसळून ठेवली आणि बाहेर येऊन सरांच्या पाया पडले. ते म्हणाले, "सुखी ऱ्हावा."