अंगठ्याएवढं भोक

तव्याच्या कडेनं तेल चुरचुरलं आणि झाकणाखालून कांद्याचा खमंग वास सुटला की मला विद्यानगरातली ती सकाळ आठवते. लग्नाला पंधराच दिवस झाले होते. सासूबाई थालीपिठं माझ्यावर सोपवून देवळात गेल्या होत्या. पहिलं गार तव्यावर छान थापलं, पण दुसऱ्याला तवा तापलेला. बोटं भाजली, पीठ बोटांनाच चिकटलं. तेवढ्यात सासरे आत आले. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. तोवर ते माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी बाह्या सारल्या, ओल्या फडक्यावर थालीपीठ थापलं, अंगठ्यानं मध्ये भोक पाडलं आणि अलगद तव्यावर सोडलं. अशी सहा केली. "तिला सांगू नको, रोज करायला लावेल," म्हणाले आणि बाहेर पेपर घेऊन बसले. सासूबाई आल्या. त्यांनी थालीपिठाचं भोक पाहिलं, माझी बारीक बोटं पाहिली आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इतकी वर्षं चहासुद्धा येत नाही म्हणून सांगितलंत की हो!" बाहेर पेपर झटकन तोंडासमोर गेला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आजही मी भोक अंगठ्यानंच पाडते, आणि जरा मोठंच.